वेरूळहून परतताना पाय का बसतात? राइडच्या आधी, मधे आणि नंतरचं खाणंपिणं

प्रश्न थोडक्यात असा होता: वय ४६, वजन ७८ किलो, सहा महिन्यांपासून सायकल सुरू केलीय. दर रविवारी पहाटे साडेपाचला छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतून निघून वेरूळ आणि परत, म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर. वजन कमी करायचंय म्हणून निघताना फक्त बिनसाखरेचा चहा, सोबत साध्या पाण्याच्या दोन बाटल्या, वेरूळला वडापाव नाहीतर भजी आणि परत चहा. येताना दौलताबाद मागं पडलं की पायात जीव राहत नाही, चिडचिड होते, पोटरीत गोळे येतात, घरी आल्यावर डोकं दुखतं आणि अख्खी दुपार झोपेत जाते. आता महिन्याभरानं पैठण करून परत यायचंय, शंभरच्या वर. तर एनर्जी जेल (पाकिटात मिळणारा गोड घट्ट पाक) घ्यावे का, ओआरएस चालेल का, आणि वजनाचं काय?

दादा, पहिलं हे सांगते की तुमचा स्टॅमिना कमी नाहीये. दौलताबादचा घाट चढून वेरूळला जाणारा माणूस परत येताना उताराला आणि सपाटीला थकायला लागला तर कारण बहुतेक वेळा पोटात सापडतं. मी आहारतज्ज्ञ आहे, स्वतः सायकल चालवते, आणि याच रस्त्यावर तुमच्यासारखे हाल होणारे लै जण बघितलेत, सगळ्यांची गोष्ट जवळपास एकच असते, उपाशी निघायचं, पहिले दोन तास काही खायचं नाही कारण भूकच लागलेली नसते, आणि मग एकदम तळलेलं खायचं. तुम्ही काय खाताय यापेक्षा ते कधी खाताय यात जास्त गडबड आहे.

शरीरात कार्बचा, म्हणजे भात-पोळी-साखरेतून मिळणाऱ्या कार्बोहायड्रेटचा, साठा असतो त्याला ग्लायकोजेन म्हणतात, स्नायूंमधे साधारण ३०० ते ४०० ग्रॅम आणि लिव्हरमधे ८०-१०० ग्रॅमच्या आसपास. स्नायूतला साठा पायांच्या कामाला येतो, लिव्हरमधला रक्तातली साखर सांभाळतो, आणि मेंदू झोपेतसुद्धा साखर खातच असतो त्यामुळं रात्रीचं जेवण साडेआठला आणि निघणं साडेपाचला म्हटलं की लिव्हरचा साठा पहाटे बराच उतरलेला असतो. त्यात तुम्ही घाट चढता. चरबी तुमच्या-माझ्या अंगावर भरपूर आहे पण ती हळू जळते, जोर लावायचा झाला की शरीर कार्बच मागतं. चांगल्या जोरात दीड-दोन तास चालवलं की साठा खाली येऊ लागतो, आणि तुमचे दोन तास कुठं संपतात बघा, वेरूळच्या आसपासच. पुढचा सगळा रस्ता तुम्ही उरल्यासुरल्यावर काढता. चिडचिड होते म्हणालात ना, ती मेंदूला साखर कमी पडत असल्याची खूण असू शकते, ग्रुपमधे एखादा बोलका माणूस अचानक गप्प झाला की मी आधी त्याच्या हातात केळं देते.

आता निघायच्या आधीचं. पहाटे पाचला कुणाला जेवण जात नाही हे मला मान्य आहे, आणि पोटभर खायची गरजही नाही. ३०-४० ग्रॅम कार्ब पोटात गेले की पुरे. एक मोठं केळं आणि साखर घातलेला चहा, किंवा ब्रेडच्या दोन स्लाइस जॅम लावून, किंवा पोळीला गूळ-तूप लावून गुंडाळी, तूप जरासंच. घरात कुणी उठून करून देणारं असेल किंवा तुम्ही तासभर आधी उठत असाल तर पोहे, उपमा, आपला चुरमुऱ्यांचा सुशीला, काहीही चालतं, फक्त शेंगदाणे आणि तेल कमी ठेवा. ज्वारीची भाकरी, भिजवलेले हरभरे, मोड आलेली मटकी, ओट्स हे सगळं उत्तम अन्न आहे पण राइडच्या तोंडावर नको, त्यातलं फायबर पोटात रेंगाळतं आणि घाटात वाकून बसलं की गॅस होतो. भाकरी आदल्या रात्री खा की, पिठलं-भाकरी आणि भात हे शनिवारचं रात्रीचं जेवण एकदम छान. येसर आमटी झणझणीत असेल किंवा मटणाचा बेत असेल तर तो रविवारी दुपारी ठेवा. पहाटे जळजळ होते तिचं कारण बऱ्याचदा आदल्या रात्रीच्या ताटात असतं.

सायकलवरचं खाणं हा खरा मुद्दा आहे. तास-सव्वा तासाच्या आतली राइड असेल तर काही खायची गरज नाही, पाणी पुरे. त्याच्या वर गेलं की तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब हा सगळीकडे मान्य असलेला हिशोब आहे. ६० ची हद्द का, तर आतड्यातून ग्लुकोज शोषून घ्यायचा जो मार्ग आहे तो तासाला साधारण तेवढंच घेऊ शकतो. रेस करणारे ९० ग्रॅमपर्यंत जातात पण ते ग्लुकोजसोबत फ्रुक्टोज (फळांत असते ती साखर) मिसळून, कारण फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे. तुम्हाला त्याची गरज नाही, तुम्ही तासाला ३० पासून सुरू करा, पोटाला सवय झाली की ४०-४५ वर या. पोटालासुद्धा सराव लागतो, सायकलवर खायची सवय नसलेल्या माणसानं एकदम जास्त खाल्लं तर मळमळणारच.

आणि सुरुवात पहिल्या पाऊण तासात करायची. भूक लागायची वाट बघायची नाही, कारण भूक लागली म्हणजे उशीर झाला, खाल्लेलं पायापर्यंत पोचायला वेळ लागतो. तुमच्या रस्त्यावर सांगायचं तर दौलताबादला किल्ल्यापाशी पहिला घास, घाटाच्या आधी. घाटात खाऊ नका, धाप लागलेली असताना घास अडकतो. वर चढून खुलताबादला दुसरा. वेरूळला बसून थोडं, आणि परतताना परत दर अर्ध्या तासाला एकेक घास, घर जवळ आलं म्हणून थांबवायचं नाही.

खिशात काय ठेवायचं? माझ्या खिशात सगळ्यात जास्त वेळा पोळीचा लाडू असतो. रात्रीची उरलेली पोळी मिक्सरमधून रवाळ फिरवायची, एका पोळीला साधारण मोठा चमचाभर किसलेला गूळ, अर्धा छोटा चमचा तूप, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा, हातानं दाबून वळायचा. मोठा एक वळण्यापेक्षा छोटे दोन वळा म्हणजे एका हातानं तोंडात टाकता येतात. बटर पेपरमधे टॉफीसारखं दोन्ही बाजूंनी पिळून ठेवलं की चालत्या सायकलवर दातानं उघडतं, प्लास्टिकची पिशवी घामेजल्या हातानं उघडता उघडत नाही. एका पोळीच्या लाडूत २५-३० ग्रॅम कार्ब मिळतात. तूप जास्त घालायचा मोह होतो, तो टाळा, एक तर तूप पचायला वेळ घेतं आणि दुसरं म्हणजे मे महिन्यात खिशात पाघळतं.

त्याशिवाय खजूर, बिया घरीच काढून ठेवलेले, साधे पाच खजूर म्हणजे पुन्हा पंचवीस-तीस ग्रॅम. राजगिऱ्याची वडी हलकी आणि छान. पार्ले-जी पण चालतं बरं का, एका बिस्किटात चारएक ग्रॅम कार्ब, कोरड्या घशाला उतरत नाही एवढंच, पाण्यासोबत खा. केळं तर आहेच. शेंगदाण्याची चिक्की मात्र बऱ्याच जणांना राइडसाठी एकदम योग्य वाटते, तिच्यात शेंगदाणे जास्त म्हणजे फॅट जास्त, ती हळू चालवायच्या लांब राइडला ठीक, घाटाच्या आधी नको. धपाटे आणि दशम्या हे आपलं जुनं प्रवासाचं अन्न, टिकतातही छान, तर दिवसभराच्या निवांत राइडला थांबून खायला जरूर न्या, दह्यासोबत, चालत्या सायकलवर नाही.

गूळ साखरेपेक्षा पौष्टिक आहे का हे मला दर वेळी विचारतात. राइडच्या दोन-तीन तासांत पायाला दोन्ही सारखेच, जे तोंडाला बरं लागतं ते घ्या. जेलचंही तसंच. एका जेलमधे साधारण २०-२५ ग्रॅम कार्ब असतात, तेवढे एका मोठ्या केळ्यात मिळतात. जेलचा फायदा म्हणजे चावायला लागत नाही, जागा कमी लागते, जोरात चालवताना पटकन जातं. पण वर पाणी प्यावंच लागतं नाहीतर पोटात गोळा बसल्यासारखं होतं. हौस असेल तर एखादं रविवारी वापरून बघा, पैठणच्या दिवशी पहिल्यांदा नको, हे कुठल्याही नव्या पदार्थाला लागू आहे.

वेरूळच्या वडापावाबद्दल. वडा आणि भजी वाईट आहेत म्हणून मी नको म्हणत नाहीये. तळलेलं पोटातून लवकर पुढं सरकत नाही, आणि सायकल चालवताना रक्त पायाकडं वळलेलं असतं त्यामुळं पचन आणखी मंदावतं, म्हणजे तुम्ही खाल्लं तर खरं पण त्याची ताकद मिळते घरी आल्यावर, आणि रस्त्यात नुसते ढेकर. तिथं इडली मिळाली तर इडली घ्या, दोन इडल्या आणि थोडं सांबार, कार्ब मिळतात, तेल जवळजवळ नाही, वर सांबारातलं मीठ. नाहीतर पोहे. चहा खुशाल प्या, साखर घालून प्या. चहानं पाणी कमी होतं ही भीती कप-दोन कपाला लागू नाही, आणि कॅफिनमुळं थोडी तरतरी येते.

आता पिण्याचं, आणि आपल्याकडं हा विषय जेवणापेक्षा मोठा आहे. मराठवाड्याची हवा कोरडी. पुणे-मुंबईच्या लोकांचा घाम अंगावरून ओघळतो त्यांना कळतं, आपला घाम वाऱ्यावर तिथल्या तिथं वाळतो, आणि माणूस म्हणतो मला घामच येत नाही. जर्सी वाळल्यावर बघा, पाठीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर पांढऱ्या रेघा दिसतील, ते मीठ आहे. ज्यांच्या रेघा जाड त्यांच्या घामात मीठ जास्त, हे माणसागणिक बदलतं, एक लिटर घामात अर्धा ग्रॅमही सोडियम (मिठातला घटक) असतं आणि काहींच्या घामात दीड-दोन ग्रॅमही.

तुमचा घाम किती जातो हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. निघायच्या आधी लघवीला जाऊन कमी कपड्यात वजन, आल्यावर अंग पुसून परत वजन. जेवढं कमी झालं त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा आणि तासांनी भागा. समजा सव्वा किलो घटलं आणि दीड लिटर प्यायलात तर पावणेतीन लिटर गेलं, साडेतीन तासांत, म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या थोडं वर. हा आकडा जानेवारीत वेगळा येतो आणि एप्रिलमधे वेगळा, दोन्ही वेळी करून ठेवा. सगळं भरून काढायची गरज नसते, वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ नये एवढं बघायचं, तुमच्या बाबतीत म्हणजे दीड किलोच्या आत.

बाटल्या दोन असू द्या पण दोन्हीत साधं पाणी नको. एका ७५० मिलीच्या बाटलीत साखर मोठे तीन चमचे, म्हणजे चाळीसएक ग्रॅम, मीठ पाव छोटा चमचा, अर्धं लिंबू. झालं तुमचं स्पोर्ट्स ड्रिंक, विकतच्यात साखर जवळपास एवढीच असते, रंग वेगळा. पाव चमचा मिठातून ६०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम मिळतं. चव फिक्कट गोड-खारट लागली पाहिजे, सरबतासारखी घट्ट गोड केलीत तर ते पोटात बसून राहतं आणि तहान वाढते. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी, प्यायला, तोंड धुवायला आणि उन्हात मानेवर टाकायला. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट.

उन्हाळ्यात बाटलीतलं पाणी तासाभरात चहासारखं होतं आणि मग पिणंच नको वाटतं. त्यावर एक साधी युक्ती, जुना सुती मोजा ओला करून बाटलीवर चढवा. कोरड्या वाऱ्यात पाणी उडत जातं आणि बाटली गार राहते, मोजा वाळला की परत भिजवायचा. रात्री बाटली अर्धी भरून आडवी फ्रीजरमधे ठेवायची आणि सकाळी वरून पाणी भरायचं, तेही चालतं.

ओआरएसबद्दल नीट समजून घ्या. डब्ल्यूएचओच्या ओआरएसमधे एका लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं आणि सोडियम १७०० मिलीग्रॅमच्या वर. ते जुलाबात गेलेलं पाणी भरून काढायला बनवलेलं औषध आहे. त्यातून मीठ मिळतं, पायाला ताकद मिळत नाही. म्हणून फक्त ओआरएसवर राइड काढणारे पण तुमच्यासारखेच बसतात. खूप घामाच्या दिवशी, किंवा राइड झाल्यावर डोकं जड असेल तर एक पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण लिटरमधेच, अर्ध्या बाटलीत नाही. आणि मेडिकलवर फळांच्या चवीचे खोके मिळायचे ज्यांच्या नावातच ओआरएस होतं, त्यातले बरेच या फॉर्म्युल्याचे नव्हते, २०२५ च्या ऑक्टोबरमधे एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, असं नाव वापरायला मनाई केली, तेव्हा पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघून घ्या.

उलट बाजूचा धोका पण सांगायला पाहिजे. भीतीनं नुसतं साधं पाणी ढसाढसा पीत राहिलात, चार-पाच तासांत पाच-सहा लिटर, तर रक्तातलं सोडियम खाली येतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, आणि राइडनंतर वजन वाढलेलं दिसतं. वजन वाढलंय आणि डोकं दुखतंय अशा वेळी आणखी पाणी पाजायचं नाही, आणि माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर सरळ दवाखाना. उन्हात असं झालं आणि अंग तापलेलं असेल तर आधी सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं, लगेच दवाखान्यात न्यायचं, शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही टाकायचं नाही.

रसवंतीचं विचाराल म्हणून. उसाचा रस मला मनापासून आवडतो आणि राइडला तो कामाचाही आहे, साखर आयती. पण साधारण तेरा-पंधरा टक्के साखर म्हणजे तो राइडच्या मधे घट्टच पडतो. अर्धा ग्लास घ्या, बर्फ न घालता, लिंबू आणि मीठ घालून, आणि वर तेवढंच पाणी प्या. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही, पोट बिघडलं तर पुढचा आठवडा गेला. मोसंबी मात्र बिनधास्त, जालन्याच्या पट्ट्यात एवढी चांगली मोसंबी पिकते, सोलून डब्यात नेली की पाणी आणि साखर दोन्ही. दौलताबादच्या रस्त्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीताफळांच्या टोपल्या लागतात, थांबून खायला याच्यासारखं दुसरं काही नाही, साखर भरपूर. पेरू आणि हुरडा मात्र राइड संपल्यावर.

पोटरीतल्या गोळ्यांसाठी लोक मिठाला दोष देतात. मीठ कमी पडणं हे एक कारण असू शकतं, पण बहुतेक गोळे थकलेल्या स्नायूला सवयीपेक्षा जास्त काम दिल्यामुळं येतात. खाणं-पिणं सुधारल्यावर तुमचे कमी होतील असं मला वाटतं कारण स्नायू उशिरा थकतील. तरी आले तर उतरा, पंजा आपल्याकडं ओढून पोटरी ताणा, आणि पुढं हलक्या गिअरवर चला. सीटची उंची पण एकदा दाखवून घ्या.

आता वजन. तुमची राइड साधारण बाराशे-पंधराशे कॅलरी खर्च करते. तुम्ही उपाशी जाऊन पाच-सहाशे वाचवता आणि मग दुपारी भुकेनं दुप्पट जेवता आणि झोपता, बहुतेकांचं असंच होतं. राइडमधे खाल्लेले शंभर-सव्वाशे ग्रॅम कार्ब म्हणजे चार-पाचशे कॅलरी, ते जळूनच जातात, आणि दुपारची खाखा थांबते. वजन कमी करायचं ते सोमवार ते शनिवारच्या ताटातून. उपाशी राइड करायचीच असेल तर आठवड्यातल्या एका सकाळी, तासाभराची, बोलता येईल इतक्या आरामात.

घरी आल्यावर तासाभरात जेवण किंवा नाश्ता, त्यात २०-२५ ग्रॅम प्रोटीन. महागडी पावडर लागत नाही. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, ग्लासभर दुधात ८, मूठ-दोन मूठ फुटाण्यांत १०, घट्ट वरण किंवा उसळीच्या वाटीत ७-८, दोन-तीन गोष्टी एकत्र केल्या की होतं. सोबत भात-पोळी-भाकरी, आणि मीठ-जिरं घातलेलं ताक दोन ग्लास. दुपारपर्यंत लघवीचा रंग फिकट पिवळा व्हायला पाहिजे, गडद असेल तर अजून पाणी हवंय.

उपवासाच्या दिवशी राइड असेल तर खजूर, केळी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचे लाडू, एवढ्यावर आरामात होतं. साबुदाण्याची खिचडी घरी आल्यावर. निर्जळी उपवास किंवा रोजा असेल तर त्या दिवशी लांबची राइड ठेवूच नये.

तुमच्या ग्रुपमधे शुगरच्या गोळ्या घेणारे असतील, त्यांना हे जसंच्या तसं सांगू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रस्त्यात शुगर एकदम खाली येऊ शकते, त्यांनी निघायच्या आधी शुगर बघावी, खिशात साखर ठेवावी, थरथर किंवा घाम सुटला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी परत तपासणं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवीतून पाणी जास्त जातं, त्यावर असताना उपाशी लांब राइड करू नये. बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारावं.

पैठणचं असं करा. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन असा सपाट रस्ता आहे, घाट नाही म्हणून लोक खायचं विसरतात. निघताना केळं आणि चहा. चितेगावला अर्धा लाडू, बिडकीनला उरलेला अर्धा, ढोरकीनला तीन-चार खजूर, पैठणला इडली किंवा पोहे आणि दोन्ही बाटल्या परत भरून, साखर-मिठाची पुडी घरूनच बांधून न्या. परतताना तेच उलट, केळं, लाडू, बिस्किटं. बाटलीतली साखर धरून तासाला चाळीसेक ग्रॅम होतात. मार्चनंतर जाणार असाल तर नऊच्या आत पैठण सोडा, कारण दहानंतरच्या उन्हात पिलेलं पुरत नाही.

येत्या रविवारी वेरूळलाच हे सगळं करून बघा आणि आधीचं-नंतरचं वजन आणि किती प्यायलात ते लिहून ठेवा. आकडे कळवा, त्यावरून पैठणला दोन बाटल्या पुरतील का तिसरी लागेल ते सांगते.